घोटा ते खूर

घोड्याच्या पायात घोटा संपतो आणि खूर सुरू होतो, त्यांच्या मध्ये चार-सहा बोटांचा एक तिरपा भाग असतो. घोडा बाजूने पाहिला की तो लगेच ध्यानात येतो. वरून सरळ खाली आलेली नळी घोट्याशी थांबते आणि तिथून पाय पुढे झुकून खुरात शिरतो. चाल मऊ लागणार की बसणाऱ्याचे मणके खिळखिळे होणार, हे बरेचसे या झुकावावर ठरते. हा भाग फार उभा असेल तर प्रत्येक पावलाचा दणका थेट वर चढतो. फार लांब आणि आडवा असेल तर बसणाऱ्याला सुख, पण मागच्या शिरांवर ताण येऊन घोडा लवकर लंगडतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक घोड्याचे तोंड पाहण्याआधी पाय पाहते, आणि पायात आधी हे पाहते.

हिंदी-उर्दूत याला गामचा म्हणतात. फारसीत गाम म्हणजे पाऊल. इंग्रजीत पास्टर्न. मराठीत आज विचाराल तर बहुतेकांकडून ‘घोट्याखालचा भाग’ एवढे वर्णन मिळेल. ज्यांचे सारे वैभव घोड्याच्या चार पायांवर उभे राहिले, त्यांच्याच रोजच्या बोलण्यातून त्या पायाची नावे निघून जावीत याचे मला मनापासून वाईट वाटते. लढायांवर, सरदारांवर, तलवारींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. घोट्याच्या खाली वाकून पाहणारे थोडे. इथे तेवढ्यापुरतीच नोंद करतो आहे. घोट्यापासून खुरापर्यंतच्या, आणि खुराखालच्या मातीपर्यंतच्या वस्तू, माणसे, शब्द. क्रम सुचला तसा.

पायबंद

घोडा ठाणावर बांधताना त्याला दोन्हीकडून बांधत. पुढून तोंडाकडच्या दोऱ्या दोन बाजूंच्या मेखांना, ही अगाडी. मागच्या पायांना पट्टा आणि पट्ट्याची दोरी मागच्या मेखेला, ही पिछाडी. पायात जे अडकवायचे ते पायबंद. पट्टा चामड्याचा किंवा जाड सुताचा, आतून मऊ, आणि तो बसायचा नेमका त्या तिरप्या भागावर. वर घोट्याचा फुगवटा, खाली खुराचा कठडा, मध्ये ही खाच. पट्टा वर सरकत नाही आणि खाली निसटत नाही. जनावर बांधून ठेवायला निसर्गानेच करून ठेवलेली ही जागा माणसाला फार पूर्वी सापडली, आणि ती एकाच मुलखात सापडली असे नाही.

पास्टर्न या इंग्रजी नावाची हकीकत तीच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये चरायला सोडलेल्या घोड्याच्या पायात जे बंधन अडकवत त्याला कुरणावरूनच नाव पडले होते. दूर जाऊ नये, पण चरता यावे, यासाठीचे ते बंधन. पुढे बंधनाचे नाव पायाच्या त्या जागेलाच चिकटले आणि बंधन विसरले गेले. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला प्रचंड इंग्रजी कोश काढला, त्यात त्याने पास्टर्न म्हणजे घोड्याचा गुडघा असा अर्थ दिला. एका बाईंनी विचारले, असे कसे लिहिलेत? तो म्हणाला, निव्वळ अज्ञान. त्याचा हा सरळपणा मला आवडतो. पण पायात रोज पट्टा अडकवणाऱ्या कुठल्याही मोतद्दाराच्या हातून ती चूक झाली नसती. असली नावे पट्टा बांधताना, खूर तासताना, माती खरवडताना पडलेली असतात. काम थांबले की त्यांना उभे राहायला जागा उरत नाही.

मराठीतला पायबंद उलट्या वाटेने गेला. पट्टा गेला, मेख गेली, ठाणावरचा घोडा गेला, आणि शब्द वर्तमानपत्रात नोकरीला लागला. वाळूउपशाला पायबंद, कॉपीला पायबंद, अनधिकृत बांधकामांना पायबंद. रोज छापला जातो. ज्याच्या पायात तो असायचा त्याचे चित्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्वचितच येत असेल.

मधले बोट

हात टेबलावर ठेवा. पंजा उचला, मनगट हवेत न्या, आणि फक्त मधल्या बोटाचे नख टेकलेले ठेवा. घोडा असा उभा असतो, आयुष्यभर, चारी पायांवर.

आपण ज्याला त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते त्याचे मनगट आहे. त्याखालची नळी म्हणजे आपल्या तळहातातले मधले हाड. घोटा म्हणजे बोट जिथून सुरू होते तो सांधा. तिरपा भाग म्हणजे बोटाची पहिली दोन पेरे, आणि खुरात लपलेले ते शेवटचे पेर; खूर हे त्याचे नख. शेजारच्या दोन बोटांची खूण म्हणून नळीच्या मागे दोन बाजूंना दोन बारीक, निमुळती हाडे राहिली आहेत. बाकीची बोटे लाखो वर्षांत झिजून गेली. मागच्या पायात जो सांधा उलटा वळल्यासारखा दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला.

गुडघ्याच्या खाली, म्हणजे त्या मनगटाच्या खाली, स्नायू नाहीत. हाड, शिरा, सांधे बांधणारे पट्टे आणि कातडी, एवढेच. म्हणून तिथे हात लावला तर पाय थंड आणि कडक लागतो, आणि म्हणूनच तिथली दुखापत लवकर भरून येत नाही. घोड्याचे साठेक टक्के वजन पुढच्या दोन पायांवर पडते. चारशे किलोच्या घोड्यात दोन नखांवर दोनशे चाळीस किलो. दौडताना प्रत्येक उडीत क्षणभर सगळा भार एकेका पायावर येतो.

हे एकदा कळले की पुतळ्यातला, चित्रातला, लग्नाच्या वरातीतला घोडा पुन्हा पूर्वीसारखा दिसत नाही.

नालबंद

बखरकार सभासदाने शिवाजी महाराजांच्या लष्कराची रचना लिहिली आहे. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पाणी आणि नाल, या दोन गोष्टी वरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. त्या अगदी तळाच्या तुकडीतच बांधून दिलेल्या होत्या. दख्खनच्या खडकाळ वाटांवर नालाशिवाय दौड म्हणजे चार दिवसांत खूर फुटलेला घोडा, आणि खूर फुटलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार.

नालबंदाचे काम जवळून बघावे. तो घोड्याच्या तोंडाकडे पाठ करून उभा राहतो. खांद्यावरून हात फिरवत नळीपर्यंत आणतो आणि मागच्या शिरेला बोटांनी जरा दाब देतो. सरावाचे जनावर त्यावर पाय उचलून देते. तो पाय आपल्या दोन मांड्यांत धरून वाकतो. आधी जुना नाल सैल करून चिमट्याने ओढून काढतो. मग वाकड्या पात्याच्या सुरीने तळ साफ करतो. खुराच्या तळाशी मागून पुढे निमुळता होत गेलेला एक रबरासारखा मऊ त्रिकोण असतो, हिंदीत त्याला पुतली, म्हणजे पुतळी म्हणतात. घोडा पाय टेकतो तेव्हा तिच्यावर आणि टाचेवर दाब पडतो, आतले रक्त वर ढकलले जाते. ती कापायची नाही, फक्त सुटलेली सालपटे काढायची. वाढलेला कठडा तासायचा, कानस मारून सपाट करायचा. खूर महिन्याला सुमारे आठ ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून नाल झिजला नसला तरी पाच-सहा आठवड्यांनी हे सगळे पुन्हा करावेच लागते. तासलेली सालपटे खाली पडली की आसपासची कुत्री ती उचलून नेतात. त्यांना ती फार आवडतात.

मग नाल लावून पाहायचा. खुराच्या बेताने नाल करायचा असतो. नालाच्या बेताने खूर कापणारा नालबंद वाईट. ऐरणीवर दोन-चार ठोके, पुन्हा लावून पाहणे, पुन्हा ठोके. पाय उचलून धरलेला घोडा या सगळ्या वेळात आपले थोडे वजन त्या माणसाच्या पाठीवर टाकतो. जुने नालबंद कमरेतून वाकलेले असतात ते यामुळे.

खिळा

नालाचा खिळा गोल नसतो, चपटा असतो, आणि टोकाला एका बाजूने किंचित तिरका. ठोकताना तो या तिरकेपणामुळे बाहेरच्या बाजूला वळतो आणि खुराच्या भिंतीतून वर निघतो. उलटा धरून ठोकला तर आत जातो, जिवंत मांसात. नालबंद ठोक्याचा आवाज ऐकत असतो. कडक भिंतीतून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज टणक येतो. तो बोदा झाला की हात तिथेच थांबला पाहिजे. बाहेर आलेले टोक लगेच पिळून तोडायचे, नाहीतर घोड्याने पाय ओढला तर नालबंदाची मांडी फाटते. उरलेला शेंडा वाकवून खुराला चिकटवून टाकायचा.

हे कुठल्या शाळेत शिकवले जात नव्हते. मुलगा बापाच्या मागे खिळ्यांचा डबा घेऊन बसायचा.

नाल

घासलेला नाल आणि नवा नाल यांत फरक आहे. घोड्याच्या पायातून उतरलेला नाल पुढच्या कमानीशी पातळ झालेला असतो, कारण पाऊल उचलताना शेवटचा घासा तिथे बसतो. लंगडणाऱ्या घोड्याचा एका अंगाने जास्त झिजतो. खिळ्यांची भोके लांबट झालेली असतात. जुन्या वाड्यांच्या उंबरठ्यांवर ठोकलेले नाल पाहिले तर असले सापडतात. शनीसाठी काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी करतात. आता दुकानात मिळणारे बरेच नाल कुठल्याच घोड्याच्या पायात गेलेले नसतात. सारखी जाडी, भोके स्वच्छ, वर काळा रंग.

दख्खनमध्ये मोहरमात नालसाहेब निघतो. करबलाच्या रणातल्या घोड्याची आठवण म्हणून नालाच्या आकाराचे निशाण. नाल वहाणांनाही असायचा. टाचेखाली लोखंडाची कमान, फरशीवर खणखण. गावात कोण येतो आहे हे त्या आवाजावरून ओळखत. तो नाल रबरी तळव्यांनी घालवला.

नालबंदी

मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदारांना जी आगाऊ रक्कम देत तिला नालबंदी म्हणत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा. बारगीर सरकारी घोड्यावरचा. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे तर घोडा आधी उभा राहिला पाहिजे. जुन्या हिशेबांत हा शब्द येतो तेव्हा रक्कम नालापुरती नसते, सगळ्या तयारीची असते. तरी ती नालाच्या नावाने मागितली आणि दिली जाई.

पंचकल्याणी, अर्जल

चारी पाय पांढरे आणि कपाळ किंवा तोंड पांढरे, तो पंचकल्याणी. शुभ. एकच पाय पांढरा, तो अर्जल. अशुभ; विकायला न्या, भाव पडलेला. छातीवरचे, गळ्यावरचे केसांचे भोवरे, देवमण, कंठमण, त्यांचे वेगळे शास्त्र. या लक्षणांवर माझा विश्वास नाही. पांढऱ्या पायाने घर बुडत नाही. पण हे शब्द मला हवेत, कारण त्यामागे जनावराला बारकाईने पाहणारे डोळे होते. अकबराच्या काळापासून मोगलांच्या फौजेत घोड्याला डाग देत आणि त्याचे वर्णन दप्तरात लिहून ठेवत, म्हणजे हजेरीच्या दिवशी कुणी तगड्या घोड्याच्या जागी मरतुकडे तट्टू उभे करू नये. रंग कुमाईत की मुश्की की अबलख, पांढरे कुठे आणि किती, हे शब्दांत नेमके उतरले तरच ही चोरी पकडता येई.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भरतो. दोन्ही मार्गशीर्षातले. पंचकल्याणी, देवमण, अबलख, नुकरा हे शब्द तिथे अजून रोकडा व्यवहार करतात, म्हणून ते जिवंत आहेत. तिथे घोड्याला नाचवतातही. मागचे दोन पाय टेकवून तो उभा राहतो आणि लोक टाळ्या पिटतात. त्या क्षणी मागच्या घोट्यांवर काय भार पडतो ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना टाळी वाजवणे जड जाते.

चकावल, हड्डा, सालोत्री

घोट्याखाली हाडाची कडक कड धरते, ती चकावल. मागच्या टाचेच्या आतल्या अंगाला हाड वाढते, तो हड्डा. उत्तरेतून आलेली ही नावे. ती ओळखणारा तो सालोत्री. हा शब्द शालिहोत्रापासून निघाला. शालिहोत्र हा परंपरेने अश्ववैद्यकाचा आद्य ऋषी, आणि त्याच्या नावाची शास्त्रपरंपरा शेकडो वर्षे चालली. विराटाच्या घरी ग्रंथिक या नावाने घोडे सांभाळणारा नकुल याच परंपरेत बसवला गेला आणि त्याच्या नावावरही अश्वशास्त्राचा ग्रंथ आहे. इंग्रजांच्या पलटणींतही देशी अश्ववैद्याला सालोत्रीच म्हणत. 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. ते फार चांगले झाले; सालोत्र्यांच्या डागण्यांतून कितीतरी जनावरे सुटली. पण हाताच्या पालथ्या बाजूने खुराची ऊब पाहायची, घोट्याच्या मागची नाडी बोटाने चाचपायची आणि ती ठणकत असेल तर खुरात सूज आहे हे जाणायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. आजचा डॉक्टरही आधी तेच करतो.

चिपळूणची छावणी

1673 साली शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना, कारकुनांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. बहुतेक वेळा त्यातला रयतेविषयीचा भाग सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांविषयी आहे. पावसाळाभर पुरवायचा दाणा आणि गवत आत्ताच उधळलेत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रात्री दिवे जळत ठेवाल, उंदीर वात पळवून नेईल, गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो. सभासदही लिहितो की पावसाळ्यात लष्कर छावणीस आले की घोड्यांना दाणा, रतीब, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असावीत.

शाकारलेल्या घराचा संबंध खुराशीच आहे. चार महिने चिखलात उभा राहिलेला घोडा दसऱ्याला चालू शकत नाही. खुराचा तळ नासतो, पुतळी कुजते, काळे पाणी सुटते, वास येतो. कोरडे ठाण हे मोहिमेचे पहिले साहित्य होते.

खरारा, तोबरा, चंदी. हे तीन शब्द एका ओळीत ठेवतो, कारण ते घोट्याच्या वरचे आहेत. अंग घासायचा, तोंडाला बांधायचा, आणि त्यातून खायची.

टापा

दुडकीत दोन आवाज येतात, कारण तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात. संथ चालीत चार, सुटे सुटे. दौडीत ते जवळ येतात आणि मध्ये एक पोकळी असते, चारी खूर जमिनीवरून सुटलेले. रात्री अंथरुणावर पडून टांगा रिकामा आहे की भरलेला, घोडा थकला आहे की घराकडे निघाला आहे, हे या आवाजावरून सांगणारी माणसे पुण्यात होती. आता टांगे नाहीत. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली बेकायदा ठरवल्या. निकाल योग्य होता, असे मी मानतो. डांबर खुराला दगडापेक्षा वाईट. त्यावर नाल घसरतो, उन्हात ते तापते, आणि माती जो धक्का गिळते तो डांबर गिळत नाही, तो घोट्याखालच्या तिरप्या भागाला सोसावा लागतो. घोडा सुटला ते बरेच झाले. त्याला हाकणाऱ्यांना आणि त्याचे नाल ठोकणाऱ्यांना काय ठाऊक होते, ते मात्र कुणी विचारून घ्यायला हवे होते.

‘चौखूर उधळला’ एवढे बोलण्यात राहिले. ते आता बहुधा वळूबद्दल किंवा महागाईबद्दल म्हणतात.

माती

आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर दोन अश्व चालतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर माउली असतात, म्हणजे पाठ रिकामी असते. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. पुढे गोल रिंगणांत अश्व धावून गेला की वारकरी त्या जागेवर धाव घेतात आणि टापांखालची माती चिमटीने उचलून कपाळाला लावतात, पदराला बांधतात. मातीत खुराची कमान स्पष्ट उमटलेली असते, मध्ये पुतळीचा त्रिकोण. शेकडो बोटे पोचतात आणि तो ठसा पुसला जातो.

या यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे की जिला उतरती कळा लागलेली नाही.

पत्री

घोड्याचा नाल अखंड, बैलाच्या पत्र्या दोन, कारण खूर दुभंगलेला. बैलाला उभ्याने पत्र्या मारत नाहीत. दोरीने आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात आणि एकेक पातळ पत्रा ठोकतात. घोड्यांचे काम सुटल्यावर कितीतरी नालबंद बैलांकडे वळले. साखर कारखान्यांच्या हंगामात, ऊस घेऊन डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांमुळे, त्यांना अजून काम मिळते. तिथेही ट्रॅक्टर आले. घोड्याचे काम उरले ते शर्यतींचे, पुण्यात आणि महालक्ष्मीला, जिथे धावण्यापुरते ॲल्युमिनियमचे हलके नाल लागतात. आणि माथेरानला, जिथे मोटारींना बंदी असल्यामुळे लाल मातीच्या चढावर घोडा अजून रोजच्या कामाचा आहे.

पुतळे

पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमी होऊन मेला, दोन उचललेले असतील तर रणात पडला, असे कित्येक जण खात्रीने सांगतात. असा कुठलाही नियम नाही. शिल्पकाराला वजन पेलायचे असते आणि चाल दाखवायची असते.

पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात 1928 साली बसवलेला अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकरांचा. अलिबागजवळच्या सासवण्याचे ते. त्या पुतळ्यापाशी गेलात तर आधी खाली पाहा. नळीच्या मागची शीर वेगळी दिसते, घोटा हाडाचा वाटतो, आणि घोट्याखालचा झुकाव खरा आहे. चौकाचौकांत अलीकडे उभे राहिलेले बरेच घोडे इथेच फसतात. त्यांचे पाय खांबासारखे सरळ खुरात उतरतात. ज्याने हा भाग कधी हातात धरला नाही त्याला तो घडवता येत नाही.

भिमथडी

भीमेच्या काठचे तट्टू. उंचीने बेताचे, पोट पाठीला टेकलेले, खुराने टणक, थोड्या चाऱ्यावर लांब चालणारे. अटकेपर्यंतच्या साऱ्या गोष्टी याच्या पायाखाली घडल्या. राज्ये गेल्यावर त्याला कुणी विचारले नाही. एकोणिसाव्या शतकात आणलेल्या मोठ्या, देखण्या परदेशी जातींपुढे ते खुजे ठरले. ते टिकले धनगरांमुळे. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडांचे तांडे, मेंढरे घेऊन निघतात तेव्हा बिऱ्हाड याच्या पाठीवर असते. भांडी, मेंढरे कोंडायची वाघूर, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, आणि कधी कधी लहान मूल. त्या पाठीवर कुणी स्वार बसत नाही. अलीकडे भिमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. आनंदाची गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय डोंगरात आणि माळावर चालणाऱ्या लोकांचे आहे.

जातीची नोंद होते तेव्हा उंची, छातीचा घेर, रंग, खुराचा रंग असे रकाने भरले जातात. त्याच कागदावर एक रकाना वाढवावा आणि धनगर या पायाच्या कुठल्या जागेला काय म्हणतो ते त्याच्याच तोंडचे लिहून घ्यावे. नळी, घोटा, घोट्याखालचा तिरपा भाग, खुराची कड, पुतळी, टाच. बोट ठेवून एकेक विचारावे. लंगडीचे किती प्रकार तो ओळखतो, रुतलेला काटा कसा काढतो, खूर वाढला तर कशाने तासतो, हेही. पावसाळ्यात वाडे बारामती, फलटण, माण, खटावकडच्या आपापल्या गावी असतात, घोडी दारात बांधलेली असतात आणि म्हातारी माणसे घरी असतात. तेव्हा जावे.